पांढऱ्या रेघेतला लाल तुकडा

१

आमच्या कॉलेजातली अंधारी खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. रोज सकाळी दहाला तिचं कुलूप काढायचं, ट्यूब लावायची, दारावरचा काळा पडदा झटकायचा आणि टेबलावरची धूळ पुसायची, हे माझं पहिलं काम. मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. अकरा वर्षं झाली होती, त्यातली शेवटची चार या नव्या इमारतीत. बीड बायपासच्या पलीकडं, जिथं आधी ज्वारीची रानं होती तिथं ही इमारत उभी राहिली. आता तिच्याभोवती आणखी इमारती उठत होत्या आणि दिवसभर धूळ उडत होती.

२०१६ सालचा फेब्रुवारी. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. दोन पावसाळे कोरडे गेलेले. कॉलेजची बोअर दिवाळीतच आटली होती. रोज अकराच्या सुमारास टँकर यायचा, खालच्या हौदात पाइप सोडायचा, आणि आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन फाटकाशी जमायच्या. अंधाऱ्या खोलीला खिडकी नव्हती, पण हंड्याला हंडा लागल्याचा आवाज तिथंही यायचा.

विज्ञान दिनाला काहीतरी नवं दाखवा, असं प्राचार्यांनी सांगितलं आणि बद्रीनाथ सरांनी लेसर घ्यायचं ठरवलं. सर आमचे विभागप्रमुख, निवृत्तीला चार महिने राहिलेले. उंच, किडकिडीत, आणि विद्यार्थ्यालाही 'अहो' म्हणणारे. आदल्या मे महिन्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या होत्या. तेव्हापासून सरांना घरी जायची घाई नसायची.

रचना साधी होती. लाल, हिरवा आणि निळा असे तीन छोटे लेसर. एक रंग आरपार सोडणाऱ्या आणि दुसरा परतवणाऱ्या दोन काचा तिरक्या बसवल्या, की तिन्ही किरण एकाच वाटेनं निघतात. पुढं नखाएवढे दोन आरसे. एक आडवा थरथरतो, एक उभा. समोरच्या भिंतीवर खरं तर एकच ठिपका पळत असतो, पण इतका भरभर की डोळ्याला रेघ दिसते. रेघेचा चौकोन होतो, त्रिकोण होतो, वर्तुळ होतं. तिन्ही रंग नेमके एकमेकांवर बसले तर रेघ पांढरी दिसते. ते बसवायलाच आमचे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी भिंतीवर पांढरा चौकोन उमटला. सरांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

"मेघाताई, पांढरा आला! बघा, पांढरा आला!"

सत्यभामाबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. म्हणून चौकोनाच्या उजव्या बाजूला खाली काहीतरी चुकलंय, हे मी त्या दिवशी बोलले नाही.

२

उजव्या रेघेचा वीतभर तुकडा पांढरा नव्हता. लाल होता.

दुसऱ्या दिवशी सर तासाला गेले तेव्हा मी एकटीनं ते तपासायला घेतलं. काच हलली असेल तर रंग फाटतात: निळी रेघ एका अंगाला, हिरवी दुसऱ्या अंगाला. तसं काही नव्हतं. त्या वीतभर जागेत हिरवा आणि निळा पोचतच नव्हते. पोचत होता तो नुसता लाल. त्याचे काठही धारदार नव्हते, पाण्यात शाई पसरावी तसे पुसट होते.

मी चौकोन उजवीकडं आणि थोडा वर सरकवला. यंत्रातच खोट असती तर लाल तुकडाही चौकोनाबरोबर सरकला असता. तो जागच्या जागी राहिला. आता तो खालच्या रेघेवर दिसत होता, पण भिंतीवरच्या त्याच ठिकाणी.

म्हणजे भिंतीचा रंग. मी तिथं कोरा ड्रॉइंग पेपर चिकटवला. पेपरवरही लाल.

आमच्या घरात भुताखेताला थारा नव्हता. माझे वडील, सर्जेराव, देवगाव रंगारीला शेतमजुरी करायचे आणि रात्री समाजमंदिरात पोरांना शिकवायचे. ते म्हणायचे, "डोळ्याला दिसलं म्हणून खरं धरू नको, आन कुणी सांगितलं म्हणून तर नायच. तपासून बघ." मी त्याच शिकवणीवर मोठी झाले. म्हणून घाबरले नाही, तपासत राहिले. आज वाटतं, पहिल्याच दिवशी घाबरले असते तर बरं झालं असतं.

३

यंत्रापासून भिंत बारा फुटांवर होती. मी अप्पारावांना हाक मारली. अप्पाराव आमचे शिपाई, खुलताबादकडचे, साठीला आलेले. प्रयोगशाळेतली प्रत्येक बरणी त्यांना नावानं ठाऊक होती.

"आप्पा, हा पुठ्ठा भिंतीजवळ धरा. आणि मी सांगेन तसे माझ्याकडं या."

त्यांनी पांढरा पुठ्ठा भिंतीला लावून धरला. रेघेत लाल तुकडा होता. ते एक पाऊल पुढं आले. लाल. आणखी एक पाऊल. लाल. तिसऱ्या पावलाला रेघ एकदम स्वच्छ पांढरी झाली.

"मागं जा बरं."

लाल.

"पुढं."

पांढरी.

आम्ही पाचदा करून पाहिलं. यंत्रापासून नऊ फुटांपर्यंत उजेड निर्मळ होता. नऊ फुटांच्या पुढं गेला की तेवढ्या जागेत लाल व्हायचा. दोष यंत्रात नव्हता, भिंतीत नव्हता. मधल्या रिकाम्या हवेत होता.

अप्पाराव पुठ्ठा नीट धरायला लागले तेव्हा त्यांचं बोट रेघेत आलं. आमचे लेसर लहान, हाताला काही होत नसे. बोटाच्या कडेनं उजेड गाळून निघाला आणि पुठ्ठ्यावर पडला. तसाच लाल. काठही तसेच पुसट.

अप्पारावांनी बोटाकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं.

"ताई, ह्ये तर आंगातलं लाल हाय," ते म्हणाले.

मला ते आधीच सुचायला हवं होतं. गावाकडं लाइट गेली की आम्ही पोरं बॅटरीवर तळवा ठेवून बोटं पेटवायचो. उजेड माणसाच्या मांसातून गेला की बाकीचे रंग आत राहतात. लाल तेवढा बाहेर येतो.

अप्पारावांनी पुठ्ठा हळूच खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि चहाचं सांगून बाहेर गेले. चहा आलाच नाही.

४

मी सरांना सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "हवेत धूळ किती आहे ते बघा ना. धुळीनं असं होऊ शकतं."

"एकाच जागी, सर? आणि दोन दिवस?"

"मग मोजा. मोजल्याशिवाय कशाला बोलायचं?"

मी मोजलं. यंत्र वर-खाली होणाऱ्या स्टँडवर ठेवलं. चौकोन बंद केला आणि नुसती एक आडवी रेघ सोडली, जमिनीला समांतर. अगदी खालून सुरुवात केली आणि स्टँड चार-चार बोटं वर घेत गेले. प्रत्येक उंचीला रेघेत लाल कुठून कुठपर्यंत आहे ते ग्राफच्या कागदावर मांडत गेले. धान्याच्या पोत्यात बांबू खुपसून पाहतात ना आत काय आहे, तसंच ते होतं.

जमिनीलगत लालचे दोन छोटे तुकडे होते, मध्ये वीतभर अंतर. त्याच्यावर दोन्ही मिळून एकच रुंद, अंधुक तुकडा झाला, लुगड्याचा घेर असावा तसा. कमरेपाशी तो निमुळता झाला. तिथंच, त्याला लागून डाव्या बाजूला, एक नवीनच गोष्ट दिसली. तिथून काहीच पार येत नव्हतं, लालसुद्धा नाही. रेघ तेवढ्यापुरती तुटलेली होती.

हा काळा तुकडा वर जाताना रुंद होत गेला, मग अरुंद झाला, मग अगदी चार बोटांचा राहिला आणि सगळ्यात वर पुन्हा थोडा फाकला. मी ग्राफवर टोकं जोडली आणि पेन्सिल खाली ठेवली.

तो हंडा होता. कमरेवर घेतलेला.

मी खांद्यापर्यंत मोजलं आणि थांबले. डोळ्यांच्या उंचीवर लेसर न्यायचा नाही, हा आमच्या खोलीचा पहिला नियम. तो मीच मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावला होता.

थांबले तेव्हा हंड्याला हंडा लागल्याचा 'टण्' असा आवाज झाला. टँकर आला, असं मनात आलं. घड्याळात पावणेचार वाजले होते. टँकर येऊन चार-पाच तास झाले होते.

५

कागद पाहून सर खुर्चीवर बसले. मग त्यांनी चष्मा काढला.

"मेघाताई, तुम्हाला ती कशी गेली ते ठाऊक आहे?"

मला ऐकून माहीत होतं. सरांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

"आमच्या कॉलनीत पाच-पाच दिवस नळ येत नव्हता. टँकर दुपारी दीडला आला. मी म्हणालो होतो, मी येतो, तू रांगेत उभी राहू नको. आणि इथं या खोलीत बसलो. फोन बंद होता. उजेड नको म्हणून आपण सगळेच बंद ठेवतो ना इथं. ती रांगेत कोसळली. शेजाऱ्यांनी सव्वीस फोन केले." ते कागदावरून बोट फिरवत राहिले. "हंडा ती कायम डाव्या कमरेवर घ्यायची."

"सर, बहुतेक बायका डावीकडंच घेतात. उजवा हात मोकळा राहतो."

"उंची किती भरली?"

"खांद्यापर्यंत तीन फूट अकरा."

"मग डोक्यापर्यंत चार फूट दहा. तिची तेवढीच होती." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "रेघ वर घ्या. चेहरा बघू."

"नाही सर. डोळ्यांच्या उंचीवर न्यायचा नाही."

"कुणाचे डोळे आहेत तिथं, सांगा? खोलीत तुम्ही नि मी. आपण यंत्राच्या मागं."

"आणि तिथं असले तर?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी यंत्राची किल्ली काढून पदराच्या टोकाला बांधली. मी त्यांना पत्नीचा चेहरा पाहू दिला नाही याचं वाईटही वाटत होतं आणि पाहू दिला नाही याचं बरंही वाटत होतं.

त्या दिवशी घरी गेले तेव्हा आई, गीताबाई, मुकुंदवाडीच्या आमच्या खोलीबाहेर पिंप धुऊन बसली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं गं?"

मी म्हणाले, "काही नाही. डोळे दुखतायत."

६

दुसऱ्या दिवशी ते नऊ फुटांवर नव्हतं. सात फुटांवर होतं.

मी पुन्हा जमिनीलगत रेघ सोडली. लालचे दोन तुकडे असायला हवे होते. सहा होते. दोन जवळ, दोन त्यांच्यामागं थोडे तिरके, दोन पार भिंतीशी. कमरेच्या उंचीला रेघ तीन ठिकाणी तुटत होती.

अप्पाराव दारातच थांबले होते. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

"आत या की, आप्पा. पुठ्ठा धरायचाय."

"म्या नाय यायचो."

"का?"

त्यांनी पडदा थोडा बाजूला केला, रिकाम्या खोलीकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "लई दाटी झालीया आत."

मी सरांना मागच्या दोन जणींचं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यामुळं तरी ते भानावर येतील. सत्यभामाबाई एकच होत्या.

"रांग आहे सर ही. कुणाची ते आपल्याला माहीत नाही. हे बंद करू. प्रदर्शनात सोडियमचा दिवा दाखवू, प्रिझम दाखवू. पोरं येणार आहेत इथं."

सरांनी मान हलवली. त्यांचा चेहरा शांत होता.

"रांगेतच होती ती, मेघाताई," ते म्हणाले.

७

शनिवारी दुपारी दीडला त्यांनी मला बोलावलं. त्या दिवशी टँकर आला नव्हता, पाण्याशिवाय कॉलेज अर्धं रिकामं झालं होतं.

"मी चेहरा मागत नाही," सर म्हणाले. "रेघ कमरेवर धरा. खांद्याच्या वर नेऊ नका. फक्त धूर करा."

धुरात लेसरचा उजेड हवेतच दिसतो, ते प्रदर्शनात दाखवायचंच होतं. मी नाही म्हणू शकले असते. पण मी अकरा वर्षं या माणसाच्या हाताखाली काम केलं होतं. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला एक दिवसही कामावर बोलावलं नव्हतं. मी धूप पेटवला, ट्यूब बंद केली, किल्ली फिरवली.

यंत्रापासून भिंतीपर्यंत, आमच्या कमरेच्या उंचीला, पांढऱ्या उजेडाचा एक पातळ पत्रा पसरला. धूर त्याच्यात लाटांसारखा हलत होता. फक्त काही जागी जात नव्हता. अंगणात खांब असला की वारा त्याला वळसा घालतो तसा तो वळसा घालत होता. पत्र्यात एक लंबगोल छिद्र होतं, आत मंद लाल. त्याला टेकून एक काळं वर्तुळ. मागं तसंच आणखी एक, आणि आणखी. मी मोजायचं थांबवलं.

सगळ्यात पुढचं आता टेबलापासून चार फुटांवर होतं.

सर माझ्या शेजारून निघाले आणि उजेडात शिरले. त्यांचा सदरा पांढरा पेटला. ते त्या लाल जागेसमोर उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, बायकोच्या हातातलं ओझं नवरा घेतो तसे.

"दे इकडं," ते म्हणाले. "किती वेळ उभी आहेस."

काही झालं नाही. धूर फिरत राहिला. मी किल्लीवर हात ठेवला.

"सर, या मागं."

"धरला," सर म्हणाले. माझ्याशी नव्हे. "धरला मी. सोड आता."

काळं वर्तुळ लाल जागेपासून सुटलं. मी ते पाहिलं. आजही कुणी शपथ घालून विचारलं तर मी हेच सांगेन. ते हवेतून वीतभर सरकलं, सरांच्या उजव्या कुशीला लागलं आणि तिथंच राहिलं. सरांचा खांदा एकदम खाली गेला. त्यांच्या तोंडून 'हं' असा श्वास निघाला.

मग ती लाल जागा, जिच्याजवळ आता हंडा नव्हता, वळली. सरांकडं नाही. माझ्याकडं.

मी किल्ली फिरवली आणि ट्यूब लावली.

खोलीत धूर होता आणि सर होते. त्यांचा उजवा हात कोपरात वाकून कमरेशी आला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"तीच होती का, सर?" मी विचारलं.

त्यांनी वाकलेल्या हाताकडं पाहिलं. हसू हळूहळू उतरलं.

"हाताला हात लागला," ते म्हणाले. "तिच्या हातात बांगड्या असायच्या."

८

विज्ञान दिन पार पडला. चौकोन, त्रिकोण, वर्तुळ, सगळं पांढरं स्वच्छ उमटलं, कुठंही डाग नाही. रांग त्या दिवशी कुठं गेली होती, कोण जाणे. पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्राचार्यांनी सरांचा सत्कार केला तेव्हा सरांनी नारळ डाव्या हातानं घेतला. लोकांना वाटलं, हात आखडलाय. हाडांच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं आणि मलम दिलं.

पण मी त्यांना जिना चढताना पाहत होते. प्रत्येक पायरीला ते थांबायचे, उजवी कंबर बाहेर काढायचे, काहीतरी वर सरकवून घ्यायचे आणि मग पुढची पायरी. बाकावर बसताना आधी शेजारी जागा करायचे. पण ते खाली ठेवता येत नसे. दर वेळी ठेवायला वाकायचे आणि तसेच उठायचे.

मार्चच्या अखेरीस एका दुपारी ते प्रयोगशाळेत आले. खूप वाळले होते. ओठ फुटलेले होते.

"मेघाताई, एक विचारू?"

"विचारा ना, सर."

"घडीभर धराल का हो? नुसतं पाणी पिऊन होईस्तोवर. एका हातानं ग्लास धरवत नाही. लई जड झालंय."

अकरा वर्षांत सर माझ्यापाशी 'लई' म्हणाले नव्हते. ते त्यांचं लहानपणचं, गावाकडचं बोलणं असावं. त्यांनी कोपर थोडं पुढं केलं. तिथं काही नव्हतं. सदऱ्याला सुरकुत्या पडल्या होत्या, गोल, आतल्या बाजूला, कशानं तरी दाबल्यासारख्या.

मी एक पाऊल मागं सरले.

मी ठरवून सरले नाही. पाय आपोआप गेले. पण गेले हे खरं.

सरांनी मान डोलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बरोबर केलंत." मी ग्लास भरून त्यांच्या ओठांना लावला, तेवढंच मला जमलं. ते घटाघटा प्याले, आणखी मागितलं, आणखी मागितलं. त्या दिवशी ते अख्खा माठ प्याले आणि त्यांचे ओठ तसेच कोरडे होते.

९

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सर गेले. घरातच, उभ्या उभ्या. भिंतीला टेकलेले सापडले. अप्पाराव तिरडी बांधायला गेले होते. ते म्हणाले, चौघांनी मिळूनही हात सरळ होईना, शेवटी तसाच वाकडा बांधला.

मी पंधरा दिवस त्या खोलीत गेले नाही. मग एका सकाळी गेले. मला एवढंच पाहायचं होतं की सर तिथं नाहीत. ते दिसले नाहीत तर मी मागं सरले त्याला काही अर्थ उरणार नव्हता. एक दमलेला म्हातारा होता, हात आखडलेला, बस्स.

धूप पेटवला. रेघ कमरेवर धरली. किल्ली फिरवली.

यंत्रापासून दोन फुटांवर एक जण होता. बाकीच्यांपेक्षा कंबर उंचावर होती, म्हणून रेघ मांडीतून जात होती. मी स्टँड वर घेतला. अरुंद, किडकिडीत लाल. आणि उजव्या बाजूला ते काळं वर्तुळ.

मी यंत्राला वळसा घालून पुढं गेले. रडत होते. दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "द्या सर. मी धरते आता."

धूर माझ्या बोटांभोवती फिरला. हातांत काही आलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "द्या ना."

तेव्हा काळं वर्तुळ हललं. माझ्याकडं आलं नाही. लाल जागेच्या पुढून सावकाश, जड वस्तू एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घ्यावी तसं, पलीकडं गेलं. माझ्यापासून लांबच्या बाजूला. तिथं जाऊन थांबलं. सरांनी हंडा माझ्या हाताला लागू दिला नाही.

मी तशीच उभी राहिले असते. पण माझे हात अजून पुढंच होते, आणि सरांच्या मागची, तिरकी उभी असलेली दुसरी जागा पुढं सरकली. तिचं वर्तुळ माझ्या बाजूला होतं. ते माझ्या तळव्यांपासून वीतभरावर आलं. थंड धातूचा वास आला आणि कानाजवळ कुणीतरी, अगदी दमलेल्या, अदबीच्या आवाजात विचारलं, "धरला का?"

मी हात मागं घेतले. किल्लीपर्यंत कशी पोचले ते आठवत नाही.

जूनमध्ये मी नोकरी सोडली. आता कन्नडला एका शाळेत आहे. आमच्या गल्लीत हातपंप आहे, उन्हाळ्यात तिथं बायांची गर्दी असते. कालच एक म्हातारी भरलेल्या हंड्याशी वाकली होती. मला पाहून म्हणाली, "बाई, जरा हात लावता का?"

मी दोन्ही हात पदरात घेतले आणि रस्ता ओलांडून पलीकडून निघाले. मागं बाया काय बोलल्या ते मला ऐकू आलं. शहरात राहून आलेल्या माणसाला लई माज असतो, असं म्हणाल्या.